प्राध्यापकाच्या गळ्यातले दावे

गेल्या बाजाराच्या दिवशी एक माळी गृहस्थ आमच्या कचेरीत आले. अंगात धुवट सदरा, हातात पिशवी, पिशवीत सात-बाराचा उतारा. बसा म्हटले तरी बसेनात. पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा कोठे टेकले आणि म्हणाले, "संपादकसाहेब, तीन एकरांतला दीड एकर काढतोय. इसार घेतलाय. खरेदीखत पुढच्या महिन्यात. तुमचं पोरगं असतं तर तुम्ही काय केलं असतं, तेवढं सांगा, म्हणजे मी मोकळा."

हकीकत अशी. या गृहस्थांचा थोरला मुलगा इतिहास विषय घेऊन एम.ए. झाला, सेटची परीक्षा उतरला, आणि पुढे पाच वर्षे दप्तरखान्यातील मोडी कागद चाळून पीएच.डी. झाला. घरात पाटीला हात लावणारा हा पहिलाच. आज नऊ वर्षे तो दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवितो. तासिका तत्त्व म्हणजे काय हे ज्यांस ठाऊक नसेल त्यांनी खुरपणीची मजुरी डोळ्यांपुढे आणावी. जितक्या सऱ्या तितके पैसे. तास झाला तर पैसे, सुटी पडली तर चूल थंड. तेही महिन्याच्या महिन्याला हातात पडतील तर शपथ. दिवाळीचे बिल होळीला निघते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली अतिथी अध्यापकास तासाला १,५०० रुपये व महिन्यास जास्तीत जास्त ५०,००० रुपये असा आकडा कागदावर लिहून दिला. माळीबुवांच्या पोराला त्याच्या निम्मेही कधी दिसले नाहीत.

आता दोहोंपैकी एका कॉलेजात कायमची जागा निघाली आहे. पोराचे शिक्षण पुरते, अनुभव पुरता. तेव्हा संस्थेच्या एका कारभाऱ्याने घरी निरोप धाडला की, मुलगा गुणी आहे, अध्यक्षसाहेबांच्याही मनात आहे, तरी इमारत निधीस आपला हातभार लागावा. जो आकडा सांगितला तो आम्ही छापीत नाही. छापला तर उद्या शेजारची संस्था तोच भाव धरून बसेल.

दुसरे संकट याहून विचित्र आहे. गेल्या वर्षी त्याच कॉलेजात पोराने एक व्याख्यान दिले. विषय होता १८७५ सालचा दख्खनचा दंगा. त्या साली मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतपत्रे ओढून जाळली, हे वाचकांपैकी पुष्कळांनी आजोबांच्या तोंडून ऐकले असेल. पोराने ते सगळे नीट सांगितले आणि शेवटी एवढेच म्हणाला की, त्या वेळी वही मारवाड्याच्या पेढीत होती, आज ती आपल्याच सोसायटीत आणि आपल्याच पतपेढीत आहे, तेव्हा आजच्या वहीचाही इतिहास कोणी लिहावा. संस्थेचे अध्यक्ष हेच पतपेढीचे अध्यक्ष. पुढच्या सत्रात पोराचे तास निम्म्यावर आले. कारण विचारले तर वेळापत्रकाची अडचण.

आम्ही माळीबुवांस सांगितले की इसार परत करा. ते गप्प बसले. सल्ला देणे सोपे असते; आमची जमीन जायची नव्हती की आमचे पोर बसायचे नव्हते. म्हणून त्या सल्ल्यामागे काय आहे ते येथे सविस्तर लिहिणे आमच्यावर आले. अशी पिशवी घेऊन हिंडणारे बाप आज तालुक्यातालुक्यात आहेत.

आमच्या खेड्यापाड्यांतून प्राध्यापकीविषयी एक समजूत आहे. तलाठी झाला तर तहसीलदाराचा दाब, फौजदार झाला तर पुढाऱ्याचा दाब, पण प्रोफेसर झाला की कोणाच्या बापाला भिण्याचे कारण नाही. पुस्तके वाचावी, खरे ते शोधावे आणि उजळ माथ्याने सांगावे. ही समजूत आमच्या चळवळीनेच रुजविली आणि ती चुकीची नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले त्यात त्यांचा मुख्य मुद्दा हाच होता की, सरकारची तिजोरी भरते रयतेच्या घामाने आणि त्या पैशाचे शिक्षण मिळते वरच्या वर्गांस. शिक्षक शेतकरी वर्गातूनही तयार व्हावेत, म्हणजे ते मुलांत मिळून मिसळून शिकवतील, असेही त्यांनी मागितले. नुसती शाळा मागून ते थांबले नाहीत, शाळेतली खुर्चीही मागितली, कारण खुर्चीवर जो बसतो तो खरे काय ते ठरवितो हे त्यांनी ओळखले होते. त्या खुर्चीपर्यंत जायला आमच्या लोकांस शंभर वर्षे लागली. आता पोर तेथे पोहोचले तर खुर्चीच्या पायाला दावे बांधलेले, आणि त्याचे दुसरे टोक कोणाच्या तरी मुठीत!

कोणी म्हणेल, हे आपल्याच मुलखाचे दुर्दैव आहे. तसे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात स्टॅनफर्ड नावाचे विद्यापीठ एका रेल्वेमालकाच्या पैशावर उभे राहिले. मालक वारल्यावर सत्ता त्याच्या विधवेच्या हाती गेली. तेथे एडवर्ड रॉस नावाचा समाजशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याची भाषणे बाईसाहेबांस खपेनात. १९०० साली त्याला राजीनामा द्यावा लागला. रॉसची सगळी मते आम्हांस पटतात असे नाही. आशियातले मजूर त्या देशात नकोत असे तो म्हणे, म्हणजे आमच्यासारख्यांस दार बंद करणाऱ्यांपैकीच तो एक. पण मत चूक असेल तर दुसऱ्या विद्वानाने खोडावे; पैसा ज्याचा त्याची भुवई वर गेली म्हणून भाकरी काढावी, हा कोठला न्याय? ही ठिणगी तेथल्या प्राध्यापकांच्या मनात धुमसत राहिली आणि १९१५ साली त्यांनी आपली एक संघटना उभारली. पहिले अध्यक्ष जॉन ड्यूई. अध्यापकाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्या समितीने लिहिला तिचे प्रमुख एडविन सेलिग्मन. दोघेही न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले.

ही दोन नावे आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावी. त्याच सुमारास, १९१३ पासून १९१६ पर्यंत, त्याच कोलंबियात बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर नावाचा आमचा एक तरुण शिकत होता, आणि ड्यूई व सेलिग्मन हे त्याचे गुरू होते. विद्या शिकविणाऱ्याला निर्भयपणे बोलता आले पाहिजे आणि त्यासाठी विद्वानांनीही जूट केली पाहिजे, हे गुरू नुसते वर्गात सांगत नव्हते, करून दाखवीत होते. त्यांनाही ते सहज साधले नाही. त्याच कोलंबियाने १९१७ साली युद्धाच्या धामधुमीत कॅटेल नावाच्या जुन्या प्राध्यापकास काढून टाकले, आणि चार्ल्स बिअर्ड या इतिहासकाराने ते न सोसून आपल्या नोकरीवर लाथ मारली.

आता दुसरे चित्र पाहा. १९१८ साली तोच आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांवर अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. एवढा शिकून आलेला विद्वान! पण सहकारी प्राध्यापकांस प्रश्न कसला पडला? हा आमच्या घड्यातले पाणी पिणार की काय! तिकडे प्राध्यापकाच्या मतावरून झगडा, इकडे प्राध्यापकाच्या ओंजळीवरून. स्टाफरूमचे राजकारण म्हणून जे आज बोलतात त्याचा आमच्याकडचा पहिला धडा हा असा पाण्याच्या घड्यापाशी गिरविला गेला.

आणखी एक गोष्ट आहे, ती कमी सांगितली जाते. १९२० च्या जानेवारीच्या अखेरीस 'मूकनायक' निघाले. शाहू महाराजांनी मदत केली. पत्र बाबासाहेबांचे, विचार बाबासाहेबांचे, पण संपादक म्हणून नाव कोणाचे? पांडुरंग नंदराम भटकर यांचे. कारण बाबासाहेब सरकारी कॉलेजात नोकरीस होते. ज्याने पुढे देशाची घटना लिहावयाची त्याला प्राध्यापकीच्या खुर्चीत बसून स्वतःच्या वर्तमानपत्रावर स्वतःचे नाव घालता आले नाही. दोनच महिन्यांत, मार्चमध्ये, त्यांनी ती नोकरी सोडली आणि अपुरे शिक्षण पुरे करण्यास विलायतेची वाट धरली.

आमच्यातील काही जण लगेच म्हणतील की हा सारा वर्णाचा दोष, ब्राह्मण प्राध्यापक गेले की स्वातंत्र्य आले. या भाबड्या समजुतीवर आम्हांस आज दोन शब्द लिहावयाचे आहेत आणि ते काहींस झोंबतील.

पहिली गोष्ट अशी की ही वतनदारी आपल्या जातभाईलाही सोडीत नाही. गोव्याचे धर्मानंद कोसंबी हे जन्माने सारस्वत. बुद्धाचा शोध घेत घर सोडले, नेपाळ-सिलोन पालथे घातले, पाली शिकले. कलकत्त्याचे विद्यापीठ दरमहा २५० रुपये देत होते. सयाजीराव महाराजांनी कळविले की महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहा, दरमहा ५० रुपये देतो, वर्षाला एक पुस्तक लिहा. कोसंबींनी अडीचशे सोडून पन्नास घेतले. का? पन्नासात कोणाच्या मागे हिंडावे लागत नव्हते, आपल्या भाषेच्या लोकांत राहून आपले काम करता येत होते. त्यांचा मुलगा दामोदर १९२९ साली हार्वर्डचा पदवीधर झाला. गणितातला पहिल्या प्रतीचा माणूस, आणि इतिहासात तर नांगर, जाते, गावदेव व खापराचे तुकडे यांवरून भूतकाळ वाचायला शिकविणारा. १९५६ साली त्याचे भारतीय इतिहासावरचे पुस्तक निघाले तेव्हा राजे-रजवाड्यांऐवजी कुणबी-कुंभार इतिहासात आले. असा माणूस काशीस टिकला नाही, अलीगडास टिकला नाही, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये बारा वर्षे काढून तेथूनही गेला. १९४६ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होता. १९६२ साली तेथील करार पुन्हा केला गेला नाही. जिभेला धार असणारा माणूस कोणत्याही संस्थेला फार दिवस पचत नाही. मग जात कोणती का असेना.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. पूर्वी विद्येची किल्ली जानव्याला बांधलेली होती हे खरे. ती किल्ली आमच्या वाडवडिलांनी झगडून सोडविली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्यास वसतिगृह चालले तेव्हा पोरांच्या जेवणाला पैसे नव्हते, तर लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पंजाबराव देशमुखांनी वऱ्हाडात १९३२ साली शिवाजी संस्था उभारली. मूठमूठ धान्य गोळा करून, भिंतीला भिंत लावून ही घरे उभी राहिली. आज त्या पायवाटेने पुष्कळ संस्था निघाल्या आहेत. कचेरीत फुले आहेत, शाहू आहेत, आंबेडकर आहेत, तिघांच्याही तसबिरींना हार आहे, आणि तसबिरीखाली बसून पोराच्या बापाला विचारले जाते की जमीन किती आहे! लक्ष्मीबाईंनी पोरे शिकावी म्हणून आपले दागिने मोडले. या कारभाऱ्यांनी पोर शिकल्यावर त्याच्या आईला दागिने मोडायला लावले. दोन्हींस 'बहुजनांची संस्था' हेच नाव.

बरे, पगार कोणाच्या खिशातून? अनुदानित कॉलेजातील मान्य जागेचा पगार सरकार देते, म्हणजे तुम्ही आम्ही देतो. काडेपेटीपासून खतापर्यंत जो कर आपण भरतो त्यातला तो पैसा. नेमणूक मात्र संस्थेच्या हातची. बैल आमचा, वैरण आमची, आणि बैलाच्या शिंगाला रंग कारभाऱ्यांच्या नावाचा! समितीवर विद्यापीठाचा माणूस असतो, सरकारचा असतो. पण जेवणाचा बेत आधीच ठरलेला असेल तर पंगतीत कोण बसले याने चव बदलत नाही.

आता जो बाप दीड एकर विकून पोराला कायम करील, त्या पोराची जीभ नोकरी लागल्यावर तरी सुटेल काय? आमचे म्हणणे असे की सुटणार नाही, आणि इसार परत करा असे आम्ही म्हणालो त्याचे खरे कारण हे आहे. ज्याने पैसे देऊन जागा घेतली तो स्वतःच्या गुपिताचा कैदी होतो. अध्यक्षाला ते ठाऊक, प्राचार्याला ते ठाऊक, शेजारच्या टेबलाला ते ठाऊक. उद्या तो सोसायटीच्या वहीबद्दल बोलू लागला की कोणी तरी हळूच खोकेल. तेवढे पुरे होते. दहा वर्षे कर्ज फेडावयाचे, तोवर निवडणुकीत अध्यक्षसाहेबांच्या चिठ्ठ्या वाटावयाच्या, त्यांच्या वाढदिवसाच्या गौरवग्रंथात लेख लिहावयाचा. दहा वर्षांनी तोंड उघडायची सवयच राहत नाही. आम्ही असे प्राध्यापक पाहिले आहेत. बुद्धीने चांगले, मनाने वाईट नाहीत, पण वार्षिक स्नेहसंमेलनाच्या सूत्रसंचालनापलीकडे त्यांचा आवाज कोणी ऐकला नाही.

विद्यापीठात काय चालते तेही थोडके सांगतो, कारण तेथे मुलगी-मुलगा पाठविणाऱ्या घरांस त्याची कल्पना नसते. पीएच.डी.चा मार्गदर्शक म्हणजे जुना गुरुजी नव्हे. त्याच्या सहीवाचून शिष्यवृत्तीचा हप्ता निघत नाही, प्रबंध पुढे सरकत नाही. भला भेटला तर पोराचे सोने होते आणि असे भले आहेत. पण विद्यार्थ्याने लिहावे आणि मार्गदर्शकाने पहिले नाव घालावे, मार्गदर्शकाच्या घरचा गॅस विद्यार्थ्याने आणावा, असेही चालते. मुलींच्या वाट्यास याहून वाईट येते. त्याविषयी आम्ही वेगळे लिहू.

२०१० साली आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुण मोजण्याची पद्धत आणली. निबंधाला इतके गुण, परिसंवादाला इतके. झाले! गुणांचा बाजार भरला. पैसे टाकून निबंध छापून देणारी मासिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. शेवटी २०१८ साली आयोगालाच आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके एका दमात काढून टाकावी लागली. त्यांत काही भली मासिकेही गेली असे म्हणतात. पण ती यादी भरली कोणी? ज्याला अभ्यास करावयाचा होता तो मागे राहिला, ज्याला मोजमाप समजले तो पुढे गेला.

राखीव जागांची गोष्ट तर खळ्यावरची म्हणूनच सांगावी लागते. बलुतेदाराचा वाटा राशीतून निघतो हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. समजा, मालक म्हणाला की यंदा रास धरावयाची नाही, टोपलीगणिक हिशेब करावयाचा. दर टोपलीत चौथी पायली पडली तर एकाला, सातवी पडली तर दुसऱ्याला, चौदावी पडली तर तिसऱ्याला. आणि मग टोपल्या भरल्या तीन-तीन पायल्यांच्या! २०१७ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की विद्यापीठ ही रास न धरता एकेक विभाग वेगळा धरावा, आणि मार्च २०१८ मध्ये आयोगाने तसा हुकूम काढला. संपूर्ण विद्यापीठाच्या २०० जागांची रास धरली तर अनुसूचित जातींस ३०, जमातींस १५ आणि इतर मागासांस ५४ जागा येत होत्या. विभागाची टोपली धरली की इतर मागासाची पहिली जागा चौथी, अनुसूचित जातीची सातवी आणि जमातीची चौदावी. तीन प्राध्यापकांच्या विभागात कोणालाच काही नाही. हा हिशेब ज्यांस समजला ते तरुण रस्त्यावर आले, आणि २०१९ साली कायदा करून रास पुन्हा रास झाली. तेव्हा जिंकलो. पण रास झाली तरी मुलाखतीच्या खोलीत 'योग्य उमेदवार आढळला नाही' हा शेरा मारून जागा कोरी ठेवण्याची युक्ती शिल्लकच आहे. सेट उतरलेला, पीएच.डी. झालेला, नऊ वर्षे त्याच वर्गात शिकविलेला पोर पंधरा मिनिटांत अयोग्य कसा ठरतो, हे कोडे कोणत्या शास्त्राने सोडवावे?

या सगळ्यावर वरच्या गादीवरून उपदेश येतो की विद्वानाने राजकारणापासून दूर राहावे, आपले वाचन बरे आणि आपण बरे. ज्याचा पगार पहिल्या तारखेला पडतो त्याला हा उपदेश शोभतो. ज्याच्या तासांची यादी दर सहा महिन्यांनी दुसरा कोणी बनवितो, त्याने दूर राहावे म्हणजे कोठे राहावे? राजकारण त्याच्या ताटात वाढलेले आहे. शिवाय हे उपदेशक स्वतः विभागप्रमुखपदासाठी, परीक्षा मंडळासाठी, सिनेटसाठी कशी पळापळ करतात ते आम्ही उघड्या डोळ्यांनी पाहतो.

दुसरा आवाज आमच्याच घरातून येतो आणि तो अधिक मऊ असतो. संपादकसाहेब, आपल्याच संस्थांची लक्तरे वेशीवर टांगू नका. शत्रूच्या हाती कोलीत मिळेल. आमचे एक स्नेही, स्वतः एका संस्थेचे विश्वस्त, परवाच असे म्हणाले. आम्ही त्यांस विचारले की, फुल्यांनी समाजाला 'सत्यशोधक' नाव दिले ते सत्य दुसऱ्याच्याच घरात शोधण्यासाठी काय? कोलीत म्हणाल तर ते पोरांच्या बापांनी इसार घेतला तेव्हाच पेटले. आम्ही फक्त धूर कोठून येतो ते दाखवीत आहोत. ते हसले आणि म्हणाले, "पण निधीशिवाय इमारत कशी उभी राहणार?" हा प्रश्न खोटा नाही. सरकार इमारतीला पैसा देत नाही, विनाअनुदानित तुकड्या वाढवीत जाते, आणि संस्थाचालकांस भीक मागत हिंडावे लागते हे आम्ही जाणतो. मग निधीसाठी गावसभा घ्या, पावती फाडा, फलकावर नावे लावा. गावाने या कामी कधी नाही म्हटले? नेमणुकीच्या आदल्या महिन्यात, उमेदवाराच्याच बापाकडून, पावतीवाचून घेतलेला पैसा निधी होत नाही.

तेव्हा काय करावयाचे? शाळांच्या शिक्षकभरतीसाठी २०१७ साली महाराष्ट्रात अभियोग्यता चाचणी आली आणि नेमणुकीचे दोर थोडे तरी कारभाऱ्यांच्या हातून सुटले. तिच्यात दोष पुष्कळ आहेत, पण पोराचे गुण भिंतीवर लागले. कॉलेजच्या मुलाखतीचे गुण भिंतीवर लावण्यास कोणाची हरकत असावी? उमेदवाराने काय लिहिले, काय शिकविले, कोणी किती गुण दिले, हे सगळे उघडे असू द्या. तासाच्या हिशेबाने माणूस विकत घेणे बंद करून महिन्याचा पगार द्या. ज्याला पुढच्या सत्राची खात्री नाही त्याने सत्य सांगावे ही अपेक्षाच बाष्कळ आहे. प्राध्यापकांच्या संघटना वेतन आयोगासाठी लढतात, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ड्यूईंनी संघटना काढली तेव्हा प्रश्न होता की काढून टाकलेल्याच्या बाजूने कोण उभा राहणार. कायम झालेल्यांनी तासिकावाल्यांच्या बाजूने एक दिवस जरी खडू खाली ठेवला, तरी वेळापत्रकाच्या पुष्कळ अडचणी आपोआप सुटतील.

आणि गावकऱ्यांनी, विशेषतः संस्थेचे सभासद असलेल्यांनी, वार्षिक सभेला जेवणाआधी एक प्रश्न विचारावा: मंजूर जागा किती, भरलेल्या किती, तासिकावर किती आणि त्यांचे पैसे कोणत्या महिन्यापर्यंत दिले? अशा प्रश्नाला ताट वाढण्यापूर्वीच उत्तर मिळते, नंतर नाही. ज्या घरात पोर शिकले त्या घराने त्याला बिनपगारी म्हणून हिणवू नये, हेही लिहून ठेवतो. नऊ वर्षे तासिका करणाऱ्या पोराला चुलते लग्नाच्या मांडवात विचारतात, "अजून पर्मनंट नाही का रे?" त्या प्रश्नाच्या धाकाने जमिनी गेल्या आहेत.

माळीबुवा त्या दिवशी काही न बोलता उठून गेले. या बाजाराला पुन्हा आले, बरोबर पोरगा. इसार परत केला म्हणाले. घेणारा कुरकुरला, पण शेजारधर्म म्हणून ऐकले. पोराला त्या कॉलेजात या सत्रात एकही तास नाही. दुसऱ्या कॉलेजात आठवड्याला सहा आहेत. आईने त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला होता. आम्ही त्याला म्हणालो की १८७५ चे ते व्याख्यान आमच्याकडे दे, दोन अंकांत छापू, मानधन जमेल तेवढे देऊ. त्याने पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवले, मागोमाग बापाकडे पाहिले आणि खालच्या आवाजात विचारले, "नाव नाही घातलं तर चालेल का? ते सहा तास तरी राहू द्यात."

आम्ही चालेल म्हणालो. पुढील अंकापासून लेख सुरू होत आहे. लेखकाच्या नावाची जागा कोरी राहील.